घुम्याच्या बेसची मान

१

मामांनी पेटी उघडली आणि दोन पावलं मागे सरकले.

आत घुम्याचा बेस होता. तपकिरी रंगाचा, चार तारांचा, पंचवीस वर्षं एकाच माणसाच्या पोटाला घासून एका कडेने गुळगुळीत झालेला. त्याची मान पाचव्या फ्रेटच्या पट्टीपाशी आरपार कापलेली होती. धड पेटीच्या एका टोकाला, खुंट्यांचा शेंडा दुसऱ्या टोकाला. चारही तारा मात्र सोडवून, त्यांची गोल वेटोळी करून, कोपऱ्यात एकावर एक नीट रचून ठेवलेल्या.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. बारा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. गिऱ्हाईक म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. गावभर ज्याचे फलक लागले होते तो गायक. त्याच्या गाजलेल्या गाण्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून आज संध्याकाळी मोठा कार्यक्रम होता, आणि मागच्या वर्षी वारलेल्या आपल्या मित्राचा, घुम्याचा, बेस रंगमंचावर मधोमध उभा करून ठेवायची त्याची कल्पना होती.

मामांचं दुकान जुन्या बेस गिटारांचं. भिंतीवर ओळीने बेस टांगलेले, खाली वापरलेले अँप्लिफायर, पेडलं, केबलींची भेंडोळी. सहा तारांची साधी गिटार ते दुकानात येऊच देत नसत. "सहा तारांना कुठेही घर मिळतं," ते म्हणायचे, "चार तारांना मीच आहे."

दुकानाचं कुलूप शाबूत होतं. मागचं दार आतून बंद होतं. मामांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पोलिसांच्या आधी बाईंना फोन लावला.

"बाई, लगेच या. खून झालाय."

"कोणाचा?"

"घुम्याचा," मामा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन खालीच बसले.

२

बाई एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. ध्वनिलहरींचा धडा शिकवायला एखादा जुना स्पीकर मिळतो का, हे बघायला त्या पहिल्यांदा मामांच्या दुकानात शिरल्या, तेव्हा मामांनी एक बेस जोडून त्यांच्या हातात दिला होता. सगळ्यांत जाड तार छेडली आणि बाईंना ती कानाआधी बरगड्यांत ऐकू आली. त्या स्पीकर न घेता बेस घेऊन घरी गेल्या. तेव्हापासून त्यांनी अकरा बेस घेतले आणि नऊ विकले. रंग नवा चढवलेला, आतली वायरिंग बदललेली, एकाची मान दुसऱ्याला लावलेली, असले प्रकार त्या हात फिरवून ओळखत. मुलांच्या वह्यांत नक्कल पकडण्यात हयात गेलेली. "एकाच मालकाचा आहे" असं कोणी सांगितलं, की त्या नुसत्या चष्म्यावरून बघत आणि विकणारा आपोआप खरं बोलायला लागे.

त्यांनी आल्या आल्या पेटीला हात लावला नाही. मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसून आधी फरशी पाहिली, मग टेबलाखाली, मग कचऱ्याची बादली.

"इथे झाडू कधी मारला?"

"परवा," दारातून उत्तर आलं. तो दुकानाचा कारागीर. पाचर त्याचं टोपणनाव, कारण मान आणि धड यांच्या सांध्यात बारीक पाचर बसवून बिघडलेला बेस सरळ करण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. कानामागे पेन्सिल, हातात चहाचा कप आणि चेहऱ्यावर कायम कोणीतरी आत्ताच अपमान केल्यासारखा भाव.

"काल हा बेस धड होता हे शेवटचं कोणी पाहिलं?"

"आम्ही सगळ्यांनी. चार वाजता गायकसाहेब आले होते. बेस मांडीवर घेऊन फोटो काढले. उलटा धरला होता." पाचर कडवट हसला. "मीच तो परत पेटीत ठेवला."

"मग?"

"मग पाच वाजता वहिनी आल्या. घुम्याची बायको. जायच्या आधी जरा बसू द्या त्याच्याजवळ, म्हणाल्या. हातात कामाचं सगळं लटांबर होतं, कापडाची गुंडाळी, पडद्याच्या दांड्या. पडदे शिवतात ना त्या, कोणाकडे तरी बसवायला निघाल्या होत्या. मी खोली मोकळी करून दिली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. पंधरा मिनिटांत निघाल्या. डोळे कोरडे होते. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला."

"त्यानंतर पेटी कोणी उघडली?"

"कोणीच नाही. सातला दुकान बंद केलं."

"पंधरा मिनिटांत हे काम होईल?"

पाचरने कप खाली ठेवला. कामाचा विषय निघाला की त्याचा आवाज बदलायचा. "अजिबात नाही. मानेच्या आत पोलादी सळई असते, बाई. लाकडाची करवत तिथे अडते. लोखंड कापायची करवत लागते, आणि पाऊण तास तरी घासावं लागतं. आवाज अख्ख्या दुकानात जाईल. वहिनींचं नावही काढू नका."

"म्हणजे रात्री कोणीतरी आरामात कापलं."

"हो."

"किल्ल्या कोणाकडे असतात?"

पाचर बोलायला गेला आणि थांबला. किल्ल्या दोघांकडेच होत्या. एक मामांकडे. दुसरी त्याच्या स्वतःच्या खिशात.

३

अकरा वाजता गायक आला. मामांनी त्याला फोनवर कसंबसं सांगितलं होतं, त्यामुळे तो एकटा आला नव्हता. सोबत एका वर्तमानपत्राचा वार्ताहर होता.

पेटीपाशी उभं राहून गायकाने डोळे मिटले. वार्ताहराने फोटो काढला. मग त्याने डोळे उघडले.

"हा माझ्या मित्रावर हल्ला आहे," तो म्हणाला. "आणि माझ्यावर."

बाई स्टुलावर बसून होत्या. "हा नक्की त्यांचाच बेस ना? जुन्या वस्तूंच्या बाजारात अदलाबदल फार होते, म्हणून विचारते."

"मला विचारता?" गायकाने धडाच्या खालच्या कडेवरचा एक काळा डाग दाखवला. "ही सिगारेट माझ्या हातची. आम्ही विशीत होतो. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. तसा तो एरवीही बोलायचा नाही म्हणा, म्हणून तर नाव घुम्या." वार्ताहर हसला. "हे धड मी अंधारात हात लावून ओळखेन."

"मग तेवढं लेखी द्याल? पोलिसांनाही लागेल."

"स्वहस्ते लिहून देतो. तुम्ही त्याचा फोटो छापा," तो वार्ताहराला म्हणाला, आणि मामांच्या टेबलावर बसून त्याने झोकदार अक्षरात लिहिलं: पंचवीस वर्षांचा काळ मी हे वाद्य डोळ्यांसमोर पाहत आलो आहे. हा बेस माझ्या दिवंगत मित्राचाच, यात तिळमात्र शंका नाही. खाली लांबलचक सही.

सही करून तो उठला आणि सरळ पाचरसमोर जाऊन उभा राहिला.

"तू कापलास."

"साहेब, तोंड सांभाळून."

"अकरा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात तुझी तार तुटली म्हणून मी तुला रंगमंचावरून उतरवलं. त्याचं उट्टं काढलंस. किल्ली तुझ्याकडे, हत्यारं तुझी."

पाचर एक पाऊल पुढे आला. "तार तुटली नव्हती. तुम्ही सूर चुकलात आणि माझ्यावर ढकललंत. चार हजार माणसांसमोर. त्यानंतर मला कोणी वाजवायला बोलावलं नाही. तुमचा राग आहे माझ्या मनात, रोज आहे. जिवंत असेपर्यंत राहील. पण घुम्याच्या बेसला मी करवत लावेन?"

"मामा, पोलिसांना बोलवा. नाहीतर मी बोलावतो."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. फोन झाला. साडेबारापर्यंत येतो, असं उत्तर मिळालं.

"तोवर हा इथून हलणार नाही," गायक म्हणाला आणि दाराशी खुर्ची टाकून बसला.

४

बाईंनी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मामा आत आले.

"बाई, तो असं करणार नाही हो. पाचर म्हणजे..."

"लाकडाचा भुसा कुठाय, मामा?"

"काय?"

"पाऊण तास करवत चालली म्हणतो पाचर. लाकडाचा भुसा पडेल, पोलादाचा कीस पडेल. परवापासून झाडू नाही. टेबलाखाली मला दोन मेलेल्या माश्या सापडल्या, पण भुशाचा कण नाही. पेटीच्या मखमलीवरही नाही."

मामा फरशीकडे बघत राहिले.

बाईंनी पेटीतलं सर्वांत जाड तारेचं वेटोळं उचललं. घुम्या गुळगुळीत, जाड तारा वापरायचा आणि वर्षानुवर्षं बदलायचा नाही. नव्या तारा शिळ्या होईपर्यंत वाजवण्यालायक नसतात, असं त्याचं मत. बाईंनी मानेचा तुटका शेंडा हातात घेतला. खुंट्यांच्या खाली जिथून तारा मानेवर उतरतात तिथे एक छोटी पट्टी असते, आणि तिला प्रत्येक तारेसाठी खाच. बाईंनी जाड तार त्या खाचेत बसवली.

तार बसलीच नाही. खाचेच्या तोंडावर अडकून वरच राहिली.

दुसरी तार. तीही वर.

"बारीक तारांसाठी कोरलेल्या खाचा आहेत या," बाई म्हणाल्या. "या मानेवर या तारा एक दिवसही लागल्या नव्हत्या. मामा, ही घुम्याच्या बेसची मानच नाही."

मामा शेंड्यावर वाकले. "मग ती कुठाय?"

"धड आणि मान चार स्क्रूंनी जोडलेली असतात. काढून दुसरी लावायला किती वेळ लागतो?"

"सरावाच्या माणसाला? दहा मिनिटं."

"आवाज?"

"काही नाही."

बाईंनी धड उलटं केलं. चारही स्क्रूंच्या खोबणी गंजलेल्या होत्या, पण गंजाच्या मधोमध ताज्या चकचकीत रेघा उमटल्या होत्या. कोणीतरी ते नुकतेच फिरवले होते.

"घुम्याकडे जादाची मान होती का?"

मामांनी मनाशी वर्षं मोजली. मग हळूच म्हणाले, "माझ्याकडूनच नेली होती. सहा-सात वर्षं झाली. एका मोडक्या बेसची, अगदी मूळच्या मानेसारखी दिसणारी. कधी गरज पडली तर असावी, म्हणाला."

बाईंनी कापलेली कड खिडकीशी नेली. कापाच्या अगदी काठावर एक निळसर रेघ होती, केसाएवढी बारीक, सरळ. कापण्याआधी कोणीतरी आखून घेतलं होतं. त्यांनी बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. खडू. एकतीस वर्षं त्यांनी खडू हाताळला होता. फळ्याचा खडू असा लिहीत नाही. त्याची रेघ जाड आणि ठिसूळ पडते. ही चपट्या, धारदार वडीची रेघ होती.

पाचर लाकडावर पेन्सिलीने खूण करायचा. मामा तर खूण करतच नसत, अंदाजाने कापून नंतर शिव्या घालत.

"मी अर्ध्या तासात येते," बाई म्हणाल्या. "त्याला हलू देऊ नका."

"पाचरला?"

"गायकाला."

५

वहिनींचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दार उघडंच होतं. शिलाई मशीनपुढे त्या बसल्या होत्या, मशीन मात्र बंद होतं. भोवती पडद्यांचे ढीग. टेबलावर कात्री, टेप आणि चपट्या निळ्या खडूची वडी. कोपऱ्यात पडद्याच्या पोलादी दांड्यांचा भारा, आणि त्या मापात कापायची करवत भिंतीला टेकवलेली.

बाईंनी टेबलावरची वडी उचलली, परत ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही इथे कापलीत," त्या म्हणाल्या. "दोन तुकडे कापडाच्या गुंडाळीतून दुकानात नेलेत. खरी मान सोडवलीत, खोटीचं खोड जोडलंत, आणि खरी दांड्यांमधून बाहेर आणलीत. भुसा इथल्या केरात गेला."

वहिनींनी उठून दांड्यांचा भारा सोडला. आतून निळ्या कापडात गुंडाळलेली लांब वस्तू काढून बाईंच्या मांडीवर ठेवली. कापड बाजूला सारताच बोटांनी झिजून खोलगट झालेलं लाकूड दिसलं. घुम्याची बोटं जिथे जिथे थांबायची तिथे तिथे.

"त्याला करवत लावली असती तर माझा हात झडला असता," वहिनी म्हणाल्या.

"मग एवढा खटाटोप का?"

"त्या माणसाने लिहून दिलं का?"

बाई चमकल्या. "काय?"

"हा बेस यांचाच आहे, असं त्याने लिहून दिलं का? सही करून?"

"दिलंय."

वहिनींनी श्वास सोडला. वर्षभर धरून ठेवल्यासारखा. "मला वाटलंच होतं. फोटो काढणारं कोणी समोर असलं की तो काहीही लिहून देतो."

मग त्या बोलू लागल्या. ज्या गाण्यावर तो मोठा झाला ते घुम्याचं होतं. शब्द त्याचे, चाल त्याची. ध्वनिमुद्रिकेवर नाव मात्र एकट्या गायकाचं आलं. घुम्याने एकदाच विचारलं, तर गायकाने चारचौघांत सांगितलं, की याला दारूत भास होतात. घुम्या दारूला शिवतही नव्हता. पण बोलबाला गायकाचा. हळूहळू बोलावणी थांबली. घुम्या घरी बसून वाजवायचा, बंद अँप्लिफायरवर, नुसत्या लाकडाच्या आवाजात.

"मागच्या वर्षी हे गेले. मी त्या माणसाकडे गेले. म्हटलं, काही नको, फक्त नाव लावा. तो हसला नाही, चिडला नाही. हातातल्या मोबाइलवरून नजरही वर केली नाही. म्हणाला, 'वहिनी, मेलेल्या माणसाला नाव घेऊन काय करायचंय?'"

मशीनवरचा पडदा त्यांनी ओढून सरळ केला.

"त्याच दिवशी ठरवलं. हा बेस मामांकडे विकायला ठेवायचा. कार्यक्रमासाठी तो नेणारच. मान कापलेली दिसली की पोलीस, वार्ताहर येणार, आणि हा बेस यांचाच असं तो लिहून देणार. पुढचं तुम्ही बघितलंत."

"पण लिहून घेऊन करायचं काय?"

"धडावरचे चार स्क्रू काढा. त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर. आत बघा. आज लिहून घेतलं नसतं आणि मी आधीच दाखवलं असतं, तर तो म्हणाला असता, हे धडच दुसरं आहे. आता म्हणू शकत नाही."

"काल मान बदलताना पाहिलंत?"

"पाहिलं. तसंच आहे." त्या क्षणभर थांबल्या. "यांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. मी पाया पडायचे, की काढा बाहेर, दाखवा. म्हणायचे, 'मित्राने गमतीत लिहिलेलं मी भांडायला काढू?' ते चांगले होते, बाई. मी नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. बाराला पाच कमी होती. "एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्याने पाचरवर आळ घेतलाय. अर्ध्या तासात पोलीस येतील."

वहिनी ताडकन उठल्या. खुर्ची मागे पडली.

"पाचरवर? तो माझंच नाव घेईल असं मी धरून चालले होते! म्हणून तर काल सगळ्यांदेखत गेले. त्याने मला चोर म्हणावं आणि मी तिथेच स्क्रू काढावेत... पाचरचा काय संबंध?"

"रागात आजूबाजूचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "चला."

६

दुकानात गायक अजून दाराशीच बसला होता. वहिनींना पाहून तो उठला, चेहरा दुःखी केला आणि हात पुढे केला. वहिनी त्या हाताला वळसा घालून आत गेल्या.

"वहिनी, काळजी करू नका. ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही."

"मी केलं," वहिनी म्हणाल्या.

वार्ताहराची पेन्सिल थांबली. पाचर उभा राहिला. वहिनींनी निळ्या कापडातली मान टेबलावर ठेवली आणि आधी पाचरकडे वळल्या.

"तुझ्यावर आळ यावा असं मनात नव्हतं. माझं चुकलं."

पाचर टेबलापाशी आला. त्याने नुसता त्या मानेवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिला.

"हा काय तमाशा आहे?" गायक म्हणाला. "मी घेतलेल्या वस्तूची..."

"घेणार होतात," बाई म्हणाल्या. "व्यवहार बारा वाजता पुरा व्हायचा होता, तो झालेला नाही. तोवर वस्तू या वहिनींची. स्वतःची वस्तू माणूस खोलू शकतो. पाचर, ते खोटं खोड काढ."

पाचरने स्क्रू काढले. एक, दोन, तीन, चार. खोड सुटलं. धडात मान बसते तिथे चौकोनी खळगा होता, तळहाताच्या निम्म्याएवढा. आत रंग नव्हता, कोरं लाकूड होतं. आणि त्यावर पेन्सिलीचं बारीक अक्षर.

"वार्ताहर, तुम्ही वाचा," बाई म्हणाल्या. "मोठ्याने."

वार्ताहर वाकला. "'उताराचा रस्ता' हे गाणं घुम्याचं. शब्द त्याचे, चाल त्याची. गळा फक्त माझा." तो अडखळला. "खाली सही. आणि तारीख, पंचवीस वर्षांपूर्वीची."

मामांनी वाकून स्वतः वाचलं.

"ज्या दिवशी यांनी जुने भाग गोळा करून हा बेस जोडला, त्या दिवशी तुम्ही लिहिलंत," वहिनी म्हणाल्या. "आमचं लग्न व्हायचं होतं. मी स्क्रू हातात धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, 'आता मान बसव. गुपित आत राहू दे.' विसरलात ना? मी नाही विसरले."

"खोटं आहे!" गायक ओरडला. "हे धडच बदललंय! कोणीतरी..."

वार्ताहराने न बोलता त्याच्यासमोर कागद धरला. तासाभरापूर्वीचा. *हा बेस माझ्या दिवंगत मित्राचाच, यात तिळमात्र शंका नाही.*

"आणि 'ळ' बघा," बाई म्हणाल्या. "कागदावर 'काळ', 'डोळ्यांसमोर', 'तिळमात्र'. लाकडावर 'गळा'. तुम्ही 'ळ' आडवा पाडता आणि शेपूट उजवीकडे ओढता. पंचवीस वर्षांत तो सुधारला नाही. माझ्या वर्गात असतात तर शंभर वेळा लिहायला लावला असता."

गायकाने खळग्यातल्या अक्षरांकडे पाहिलं. फार वेळ. तो खुर्चीत बसला तेव्हा फलकावरच्या फोटोपेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"काय पाहिजे तुम्हाला?" त्याने विचारलं.

"जे छापायचं ते हे वार्ताहर उद्या छापतील. त्यात माझं काही नाही," वहिनी म्हणाल्या. "मला आजचं पाहिजे. गाण्याच्या आधी तुम्ही त्यांचं नाव घ्यायचं. टोपणनाव नाही. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. गाणं कोणाचं तेही सांगायचं. नाही घेतलंत तर मी उठून, स्क्रू काढून, हा खळगा वाचेन. बेस घेऊनच येते."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मामा लगबगीने पोलिसांना सांगायला गेले, की तक्रार मागे घेतोय, गैरसमज झाला होता.

पाचरने तोवर खरी मान खळग्यात बसवायला घेतली होती. पाचरेची गरज पडली नाही.

७

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध वहिनी, त्यांच्या मांडीला टेकून उभा बेस, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मामा आणि पाचर. रंगमंचावर बेससाठी आणलेला रिकामा स्टँड कोणीतरी घाईने बाजूला सरकवला होता.

चार गाणी झाली. मग गायक पुढे आला. लोकांना पुढचं गाणं माहीत होतं, टाळ्या आधीच सुरू झाल्या. त्या टाळ्यांतच त्याने माइकला तोंड लावलं, नाव घाईघाईने पुटपुटलं आणि मागे वादकांना खूण केली.

वहिनी उभ्या राहिल्या.

"ऐकू आलं नाही."

आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या रांगेतून थेट रंगमंचावर गेला. टाळ्या विस्कळीत झाल्या. वादक थांबले. गायकाने खाली पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि नाव पुन्हा घेतलं. या वेळी नुसतं पहिलं आणि आडनाव.

"वडिलांचं राहिलं," वहिनी म्हणाल्या. "आणि गाणं कोणाचं तेही."

बाईंना क्षणभर त्याची दया आली. दिव्यांच्या झोतात उभा राहिलेला तो माणूस गृहपाठ न केलेल्या मुलासारखा दिसत होता, आणि असल्या मुलांवर त्यांना कधी फार वेळ रागावता आलं नव्हतं. त्यांनी शेजारी पाहिलं. वहिनींच्या चेहऱ्यावर दयेचा मागमूस नव्हता. एखादी व्यक्ती पडदा सरळ लोंबतोय का, हे बघते तशा त्या बघत होत्या.

गायकाने माइक दोन्ही हातांनी धरला.

त्याने घुम्याचं पूर्ण नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट. सावकाश. मग म्हणाला, "हे गाणं त्याचं आहे. शब्द आणि चाल, दोन्ही. मी पंचवीस वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं."

मागच्या रांगांतून कुजबुज उठली, वाढत वाढत पुढे आली. कोणीतरी ओरडलं, "लाज नाही वाटत?" कोणीतरी उठून चालू लागलं. पाचर समोर बघत होता. गालावरून ओघळणारं पाणी त्याने पुसलं नाही. मामांनी रुमाल पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

वहिनींनी बेस उचलून खांद्याला लावला आणि त्या वळल्या.

"गाणं ऐकायचं नाही?" बाईंनी विचारलं.

"त्याच्याकडून? नको."

रांगेतली माणसं पाय आत घेऊन वाट देत होती. मधल्या मार्गाने त्या चालत गेल्या, मागे न बघता, घाई न करता. रंगमंचावर तो माइक धरून तसाच उभा होता. वादक त्याच्या खुणेची वाट बघत होते, आणि तो त्या पाठमोऱ्या वहिनींकडे.

दार बंद होईपर्यंत त्याला सुरू करता आलं नाही.